दगड

एका तालुक्याच्या गावी एक शाळा होती. शाळेत एक प्रयोगशाळा होती आणि त्या प्रयोगशाळेत मामा होते. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचा. पण चोवीस वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. पोरं मामा म्हणत, शिक्षक मामा म्हणत, मुख्याध्यापकही मामाच म्हणत. परीक्षानळ्या ब्रशनं घासायच्या, आम्लाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या, स्पिरिटच्या दिव्यांच्या वाती कातरायच्या, हे त्यांचं काम. शिक्षण नववीपर्यंत. पण वीज गेली तरी कुठल्या फळीवर कुठली बाटली आहे, ते न चुकता सांगत.

मामांना जुळी मुलं. पाव तासानं थोरला तो दादा आणि त्याच्यामागून आलेली ती छोटी. दोघं त्याच शाळेत, दहावीच्या एकाच वर्गात. दादा म्हणजे लवंगी फटाक्याची माळ. प्रश्न पुरता व्हायच्या आत त्याचा हात वर. उत्तर बरोबर असो की चूक, आवाज खणखणीत. घरी पाहुणे आले की पाढे म्हणून दाखवायला त्यालाच उभं करायचे. छोटीचं उलटं. काही विचारलं की ती आधी आढ्याकडे बघायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि ती तोंड उघडेपर्यंत विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा.

"दगड आहे नुसती," मामा म्हणायचे. रागानं नव्हे. रोज म्हणून म्हणून त्या शब्दातला राग केव्हाच झिजून गेला होता. छोटीसुद्धा त्या हाकेला ओ द्यायची.

मामांनी पतपेढीत पै-पै करून थोडे पैसे साठवले होते. ते दोघांना पुरणारे नव्हते. त्यामुळे घरात एक गोष्ट ठरून गेली होती. दहावी झाली की दादाला लातूरला ठेवायचं, सायन्सला घालायचं, क्लास लावायचा. छोटी गावातच आर्ट्सला जाईल. छोटीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिनं आधी आढ्याकडेच बघितलं असतं.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरली आणि विज्ञानाच्या तासाला धातूंचा धडा निघाला. विज्ञानाच्या बाई हौशी होत्या. धातूंची श्रेणी नुसती पाठ करून घेणं त्यांच्या जिवावर यायचं. शाळेत सोडिअम, कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमची फीत होती. पोटॅशिअम आणि लिथिअम मात्र नव्हतं. बाईंनी सीनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला अर्ज केला, स्वतःच्या सहीवर दोन्हींचे अगदी थोडे तुकडे आणले आणि मामांच्या हाती दिले.

मामांनी बाटल्या उजेडात धरल्या. पोटॅशिअम सोडिअमसारखंच रॉकेलात बुडवून ठेवलेलं. लिथिअम मात्र व्हॅसलिनमध्ये माखलेलं.

"बाई, हे रॉकेलात का नाही ठेवलं?"

"ते रॉकेलात बुडतच नाही मामा. इतकं हलकं, की रॉकेलावरही तरंगतं. मग वरचा भाग उघडा राहणार आणि त्याला हवा लागणार. म्हणून असं लिंपून ठेवायचं."

तासाच्या आधी मामा तुकडे कापायला बसले. कोरडे हात, डोळ्यांवर चष्मा, जवळ वाळूची बादली. सोडिअम सुरीनं बर्फीसारखं कापलं जातं. कापलेली बाजू क्षणभर चांदीच्या नव्या वाटीसारखी चकाकते आणि बघता बघता तिच्यावर मळभ येतं. पोटॅशिअम त्याहून मऊ. लिथिअमला जरा जोर लावावा लागला. मामांनी एकेक तुकडा गाळणकागदावर टिपून ओळीनं मांडला.

बाईंनी पाहिलं आणि मान हलवली. "मामा, हा लिथिअमचा तुकडा बारीक झाला. आणि हा पोटॅशिअमचा केवढा मोठा! तो तर मुळीच चालायचा नाही, धोक्याचं आहे ते. सगळे तांदळाच्या दाण्याएवढे करा."

"लिथिअममध्ये काय दम आहे बाई? मला वाटलं, थोडं पुरे."

"दम आहे की नाही तेच तर बघायचंय. आधीच ठरवून तुकडे कापले, तर प्रयोग कशाला करायचा?"

मामांनी तुकडे पुन्हा कापले. मग काचेची पसरट भांडी मांडली. त्यातल्या दोन भांड्यांत त्यांनी नळाचं पाणी ओतलं होतं आणि ते पुरलं नाही म्हणून तिसरं माठातल्या पाण्यानं भरलं होतं. बाईंनी बोट बुडवून पाहिलं.

"हे गार आहे मामा. सगळ्यांना एकाच बादलीतलं पाणी द्या. एकाला कोमट आणि एकाला गार पाणी दिलं, तर नंतर कोण हळू आणि कोण जलद हे सांगायचा आपल्याला हक्कच नाही."

मामांनी निमूटपणे सगळी भांडी रिकामी केली आणि एका बादलीतून पुन्हा भरली. प्रत्येकात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-दोन थेंब टाकले.

घंटा झाली. मुलं आली, बाकांपाशी दाटीवाटीनं उभी राहिली. बाईंनी भांड्यांपुढे जाड पारदर्शक पडदा उभा केला आणि सगळ्यांना चार पावलं मागे सरकवलं. मामा मोरीपाशी परीक्षानळ्या घासत उभे राहिले. तिथून त्यांना सगळं दिसत होतं.

पहिला मान पोटॅशिअमचा. बाईंनी चिमट्यानं दाणा पाण्यावर सोडला मात्र, त्यानं पेटच घेतला. जांभळट ज्योत डोक्यावर घेऊन तो पाण्यावर सैरावैरा धावत सुटला. चरचर, तडतड आणि शेवटी 'फट्' करून ठिणगी उडाली. दोनाचा पाढा म्हणून होईपर्यंत खेळ संपला. मागे पाण्यात राणी रंगाची एक लाट तेवढी पसरत राहिली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मग सोडिअम. ते वितळून चांदीचा गोल मणी झालं आणि 'स्स्स' करत भांडंभर फिरलं. मागे गुलाबी रेघ उमटवत, लहान होत होत नाहीसं झालं. ते पेटलं नाही. बाईंनी दुसरा दाणा पाण्यावर पसरलेल्या गाळणकागदावर ठेवला. तिथं त्याला पळायला जागा नव्हती. तापून त्यानंही पिवळीजर्द ज्योत धरली. पुन्हा टाळ्या.

आता लिथिअम. ते पाण्यावर टेकलं आणि तिथंच तरंगत राहिलं. ना मणी झालं, ना पेटलं. अंगाभोवती बुडबुड्यांचा फेस घेऊन हळूहळू इकडून तिकडे सरकत होतं. शांतपणे. सारखं. तिसाचा पाढा म्हणून झाला तरी त्याचं काम चालूच होतं. पोरं चुळबुळायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "हे काय, विरघळणारी गोळी!" वर्ग हसला.

कॅल्शिअम आधी तळाशी गेलं, मग बुडबुड्यांनी उचललं म्हणून वर आलं आणि त्याचं पाणी गढूळ झालं, चुन्याच्या निवळीत फुंकल्यासारखं. मॅग्नेशिअमची फीत मात्र पाण्यात नुसती पडून राहिली. "तिला उद्या सकाळी बघू," म्हणत बाईंनी ते भांडं खिडकीत ठेवलं.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "पोटॅशिअम, सोडिअम आणि लिथिअम. तिघांनी एकच काम केलं. पाण्यातून हायड्रोजन मोकळा केला आणि पाणी अल्कधर्मी केलं, म्हणून ते गुलाबी झालं. यात तिघांत जोरदार कोण?"

"पोटॅशिअम!" दादाचा आवाज सगळ्यांच्या वर.

"बरं." बाईंनी फळ्यावर तीन आकडे लिहिले : 222, 197, 184. "तिन्ही धातूंचे सारख्याच संख्येनं अणू घेतले आणि पाण्याशी त्यांची क्रिया पूर्ण होऊ दिली, तर किती उष्णता बाहेर पडते त्याचे हे आकडे. मोलमागे किलोज्यूलमध्ये, सुमारे. आपल्या या उघड्या भांड्यात ते नीट मोजता येत नाहीत. त्याला बंद उपकरण लागतं. पण मोजून ठेवलेले आकडे आहेत. कुणाचा कुठला, ते सांगा."

वर्गानं 222 पोटॅशिअमला देऊन टाकले. 197 सोडिअमला. उरलेले 184 लिथिअमच्या पदरात. मतदान एकमतानं झालं असतं, पण एक हात उशिरा वर आला. छोटीचा.

"बोल."

छोटीनं आढ्याकडे पाहिलं. वर्ग खसखसला. बाई काही बोलल्या नाहीत. हातातला खडू खाली ठेवून त्या थांबल्या. मोरीपाशी मामांना उगाच अवघडल्यासारखं झालं. 'बोल की लवकर,' ते मनात म्हणाले.

"बाई," छोटी म्हणाली, "किती लवकर झालं ते आपण बघितलं. किती झालं ते नाही बघितलं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत ना?"

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी खडू उचलला आणि 222 समोर लिहिलं : लिथिअम. मग 197 समोर पोटॅशिअम आणि 184 समोर सोडिअम.

वर्ग गप्प झाला.

"म्हणजे त्या विरघळणाऱ्या गोळीनं तिघांत जास्त उष्णता दिली?" दादानं विचारलं.

"अणूमागे अणू मोजला तर तिनंच. आणि वजन सारखं धरलंस, तर फरक कितीतरी मोठा आहे, कारण तिचे अणू हलके. एका ग्रॅममध्ये ते खूप जास्त बसतात."

"मग ती पेटली का नाही?"

"त्याची कारणं आहेत. पोटॅशिअम 63 अंशांना वितळतं, सोडिअम 98 अंशांना. क्रिया सुरू झाली की ते आपल्याच उष्णतेनं पाघळतात. पाघळले की गोळा होऊन फिरतात, पाण्याला सारखा नवा पृष्ठभाग मिळतो आणि क्रिया भडकत जाते. लिथिअमला वितळायला 180 अंश लागतात. ते घनच राहतं आणि बेतानं काम करतं. दुसरं म्हणजे, पोटॅशिअमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन अणुकेंद्रापासून लांब, चौथ्या कवचात असतो. तो चटकन सुटतो. लिथिअमचा दुसऱ्याच कवचात, घराच्या उंबऱ्यावर बसल्यासारखा. तो सहजी सुटत नाही. पण एकदा सुटला, की मागे राहिलेला लिथिअमचा आयन इतका चिमुकला असतो, की पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगतात. त्या बिलगण्यातूनही खूप उष्णता बाहेर पडते."

"मग पुस्तकातली श्रेणी चुकीची आहे?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला. परीक्षेची काळजी असणारी मुलं कुठल्याही वर्गात असतातच.

"चुकीची नाही. पाण्यात कोण किती तडफेनं वागतं, ते ती सांगते. परीक्षेत तीच लिहायची. आणि पोटॅशिअमलाही कुणी हसू नका. तुमच्या शेतात नत्र, स्फुरद, पालाश टाकतात ना, त्यातलं पालाश म्हणजे हेच. हम्फ्री डेव्हीनं 1807 मध्ये लंडनला ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेव्हा तो आनंदानं खोलीभर नाचला होता, असं सांगतात. काही दिवसांत त्यानं सोडिअमही काढलं. लिथिअमचा पत्ता लागायला आणखी दहा वर्षं गेली. 1817 मध्ये स्वीडनमध्ये आर्फवेडसनला ते एका खनिजात सापडलं."

बाई बोलता बोलता भांडी आवरू लागल्या. लिथिअमच्या भांड्यातला तुकडा आता दिसेनासा झाला होता. पाणी मात्र सगळं राणी रंगाचं झालं होतं.

"आणि गंमत सांगू? पोटॅशिअम, सोडिअम पहिल्यांदा वनस्पतींच्या राखेशी, खारांशी जोडलेले म्हणून माहीत झाले. लिथिअम खनिजात सापडलं, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'लिथॉस' शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. लिथॉस म्हणजे दगड."

मोरीपाशी परीक्षानळीत फिरणारा ब्रश थांबला.

"हा दगड आता कुठं असतो माहीत आहे का? तुमच्या घरातल्या मोबाइलच्या बॅटरीत. त्या बॅटरीच्या शोधासाठी 2019 मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं."

घंटा झाली. मुलं कलकलाट करत बाहेर पडली. मामांनी ओले हात पुसले, शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा ठेवून दिला.

त्या रात्री मामांना लवकर झोप लागली नाही. त्यांच्या घरी दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल होतं, टेबलावर दिवा होता आणि दिव्यापुढे दादा होता. साडेदहाला दादाचं उरकलं, दिवा मालवला. आतल्या खोलीत छोटीची भांडी घासून झाली होती. चुलीपाशी पाट घेऊन, भिंतीवरच्या लहान बल्बखाली ती वही उघडून बसली. पहाटे पाचला नळ आला तेव्हा हंडा घेऊन उठली तीही छोटीच. मग भाकऱ्या. मग शाळा.

मामा अंथरुणात उठून बसले. दोन भांड्यांत नळाचं पाणी आणि तिसऱ्यात माठातलं. कोण हळू आणि कोण जलद, हे सांगायचा हक्क...

सकाळी शाळेत गेल्यावर त्यांनी आधी खिडकी गाठली. मॅग्नेशिअमच्या फितीवर रात्रीतून बारीक बारीक बुडबुडे धरले होते आणि तिच्या कडेला पाण्यात फिकी गुलाबी झाक आली होती. रात्रभर कुणी बघत नव्हतं, तरी तिचं काम चालू होतं.

बाई आल्या. "काय बघताय मामा?"

"काही नाही बाई. माझ्या घरी दोन भांडी आहेत. पाणी दोन बादल्यांतलं आहे. चोवीस वर्षं इथं काम करून मला ते दिसलं नाही."

बाईंना पूर्ण कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी विचारलंही नाही.

त्या दिवसापासून मामांच्या घरी काही साध्या गोष्टी बदलल्या. पहाटेचा नळ एक दिवस दादाचा, एक दिवस छोटीचा. रात्रीची भांडी मामांनी स्वतःकडे घेतली. घासण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला एक स्टूल आलं. दिवा तोच, त्याची मान फक्त मधोमध वळवली. दादानं चार दिवस तोंड वाकडं केलं आणि पाचव्या दिवशी छोटीला भूमितीतलं एक प्रमेय विचारलं. तिनं आढ्याकडे बघितलं. तो थांबला.

आणखी एक गोष्ट बदलली. मामा छोटीला काही विचारत, तेव्हा विचारून गप्प बसत.

फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. दादा नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी पेपर देऊन बाहेर आला आणि वडाखाली उत्तरं सांगत बसला. छोटी शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत होती. विज्ञानाच्या पहिल्या भागात 40 पैकी दादाला 31 पडले, छोटीला 34. मराठीत आणि इतिहासात दादा पुढे. मामांनी दोन्ही गुणपत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एक चांगलं आणि एक वाईट, असं काही त्यांना त्यांत सापडेना.

लातूरचा बेत मामांनी मागे घेतला. पतपेढीतले पैसे एकावर लावले, तर दुसऱ्याचं भांडं कोरडं राहणार होतं. जवळच्या मोठ्या गावात सायन्सचं कॉलेज होतं, पंचवीस किलोमीटरवर. छोटीला एसटीचा पास फुकट, दादाला सवलतीचा. दोघांची पुस्तकं, दोघांची फी, तेवढं पतपेढीतून निघत होतं. जूनमध्ये सकाळच्या गाडीत दोघं चढली. दादानं धावत जाऊन खिडकीची जागा धरली आणि छोटी आल्यावर सरकून तिला दिली.

बाईंनी लिथिअमची रिकामी बाटली परत केली नव्हती, राहून गेली होती. मामांनी ती धुऊन, पुसून प्रयोगशाळेच्या फळीवर ठेवली. चिठ्ठी बदलायला आली होती. त्यांनी नवी चिठ्ठी लावली आणि आपल्या वळणदार अक्षरात तिच्यावर 'लिथिअम' लिहिलं. 'दगड' हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकला नाही.

तात्पर्य : भडका डोळ्यांना दिसतो, ऊब मोजावी लागते. दोघांची तुलना करायची असेल, तर आधी दोघांना एकाच बादलीतलं पाणी द्यावं आणि हळू चालणाऱ्याचं काम पुरं होईपर्यंत थांबावं.